एका साखळीचे तीन पडदे

काशीमीऱ्याला महामार्गाच्या बाजूस, पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरात राहणाऱ्याला दुपारचे ऊन काय असते हे सांगावे लागत नाही. परवा दिवाणखान्याच्या तीन खिडक्यांना गुंडाळीचे पडदे लावायला काढले. कारागीर म्हणाला, "साहेब, तिन्ही नळ्या जोडून देतो. एक साखळी ओढा, तिन्ही खाली." ऐकायला छान! पण मग वजनही तिन्हींचे एकाच साखळीवर येते, आणि नळ्या एका रेषेत नसल्या तर कापड तिरके गुंडाळते. हिचा आक्षेप वेगळाच. "तुम्हाला झोप आली की मी तांदूळ अंधारात निवडू का?"

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. सोयीचे नव्हतेच ते. पण एकाच्या मर्जीवर सगळे चालू नये, हा त्यामागचा हेतू. घराला हा नियम का नसावा? शेवटी दोन पडदे जोडले, तिसरा हिच्या हाती ठेवला. साखळ्या मात्र भिंतीला ताणून पक्क्या केल्या. अशा लोंबत्या फासात लहान मुलांचे गळे अडकून जीव गेले आहेत, आणि सुट्टीत आमचा नातू येतो. सोय करावी, पण ती कोणाच्या जिवावर, हे आधी पाहावे.