आधी टकलावर हसून घ्या

2024 च्या डिसेंबरात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडकडे माणसांचे केस हात लावताच मुठीत येत होते. दोन-तीन दिवसांत डोकं गुळगुळीत. आम्ही खामगावकर काय करत होतो? 'टक्कल व्हायरस'वरचे विनोद पुढे ढकलत होतो. मीही ढकलले. तिकडे पोरी शाळेत जाईनात, सोयरिकी अडल्या. शॅम्पू, बोअरचं पाणी, बुरशी, सगळ्यांवर आळ आला. रेशनच्या पोत्याकडे कोणी बघेना.

बघितलं ते महाडहून आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, विंचूदंशावर औषध शोधणाऱ्या त्याच बावस्करांनी. त्यांनी तपासून घेतलेल्या रेशनच्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. पाव किलो कणकेचा हिशेब करा: साडेतीन हजार मायक्रोग्रॅमच्या वर. माणसाला दिवसाला चाळीस-पन्नास पुरतात.

केस जळाला की जो घाण वास येतो, तो गंधकाचा. केसाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांना गंधकाच्याच टाक्यांनी शिवलेले असतात. सेलेनियम गंधकाचा सख्खा चुलतभाऊ. जास्त झालं की पेशी फसते, त्याच्या जागी याला बसवते आणि टाका उसवतो. वर ते पेशीतल्या ग्लुटाथायोन नावाच्या रेणूशी भिडून ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार करतं. पेशीला म्हातारी करणारे म्हणून ज्यांना शिव्या घालतात, तेच हे. जानेवारी अखेरपर्यंत 18 गावांत 279 जणांचे केस गेले; पुढे काहींची नखंही गळाली.

आता शहरातला तमाशा बघा. तिथे हेच सेलेनियम 'अँटिऑक्सिडंट' म्हणून गोळीत भरून विकतात. थोडं असलं तर पेशीची राखण करणारं एक विकर त्यावर चालतं, हे खरं. पण त्यावरून मूठभर गोळ्या गिळायच्या? अमेरिका-कॅनडात 35 हजारांहून जास्त पुरुषांवर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी घेतली. प्रोस्टेटचा कर्करोग टळत नाही असं दिसल्यावर 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. दुकानांतल्या नाही थांबल्या.

परवा औषधाच्या दुकानात गेलो. "घ्या न भाऊ, वय दिसत नाही यानं," दुकानदार म्हणाला. डबी फिरवून पाहिली. घटकांत सेलेनियम, आणि वर सोनेरी अक्षरांत: केस आणि नखांसाठी.