रागीट मासा आणि चौथी सीट
काचेपलीकडे : मत्स्यमित्र

माशाला शांत करायचं एखादं औषध मिळतं का, हा प्रश्न या आठवड्यात पुन्हा आला. विचारणाऱ्या ताई बदलापूरच्या, कात्रपच्या. दोन फुटी टँक. त्यात दोन एंजल, तीन टायगर बार्ब आणि ‘घरात लक्ष्मी टिकते’ म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेलं फ्लॉवरहॉर्नचं पिल्लू. एंजलच्या लांब मिशा आधी बार्बांनी कुरतडल्या, उरलेल्या परांवर पिल्लाने ताव मारला. आता एक एंजल हीटरच्या मागे तोंड खाली करून उभा असतो. दुकानदार म्हणाला, मीठ टाका. शेजारीण म्हणाली, नजर लागली. टँकची लांबी मात्र कोणी विचारली नाही.

मी विचारली. दोन बाय एक बाय एक. काठोकाठ भरला तरी ५६ लिटर, आणि खडी, दगड, वरची मोकळी जागा वजा केली की पंचेचाळीसच्या घरात. फ्लॉवरहॉर्न नीट वाढला तर फूटभर होतो, म्हणजे या टँकच्या रुंदीएवढा. वळायचं म्हटलं तरी शेपूट काचेला घासणार. हा मासा जगातल्या कुठल्याच नदीतून आलेला नाही. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचे संकर करून तो घडवला गेला. कपाळावरचं टेंगूळ आणि अंगावरची नक्षी वाढवत नेली, आईबापांचा मारकुटेपणा होता तसाच राहिला. त्याला चार फुटी टँक द्यावा आणि एकट्याला ठेवावं, हे मी इथे इतक्यांदा लिहिलंय की संपादक आता ते वाक्य न वाचताच पुढे सोडतात. वास्तूच्या माशावर माझा दात आहे हे कबूल. पण ज्या घरात तो लक्ष्मीसाठी आणलेला असतो, त्या घरात माणसांची भांडणंही जरा जास्तच ऐकू येतात, असं माझं निरीक्षण आहे. पुरावा नाही. निरीक्षण आहे.

बार्बांचं वेगळं. ते झुंडीतले मासे. आठ-दहा असले की आपापसांत पाठलाग करतात, मोठा कोण हे ठरवण्यात दिवस घालवतात आणि इतरांना विसरतात. तीनच आणले की तो उद्योग लवकर संपतो, मग शेजाऱ्याच्या मिशा दिसायला लागतात. तरीही दहा बार्बांत एंजल सोडू नये. लांब पर दिसला की त्यांना राहवत नाही.

मी सगळं खापर जागेवर फोडतो, हे जुन्या वाचकांना पाठ आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी सकाळी बदलापूर स्टेशनवर उभं राहावं. तिथून सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडी इथून सुटते, म्हणून खिडकी आपली, असं बदलापूरकर धरून चालतो. पण गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या भरलेल्या असतात, कारण उल्हासनगरचा आणि अंबरनाथचा माणूस डाऊन गाडीतच बसून उलटा आलेला असतो. मग ‘पास कुठपासूनचा आहे, दाखव’पासून सुरुवात होते आणि कल्याण येईपर्यंत दोन्ही घराण्यांचा उद्धार होतो. ही माणसं एरवी भांडकुदळ नसतात. ऑफिसात साहेबाचं निमूट ऐकतात, घरी भाजी निवडून देतात. त्या साडेतीन फुटी बाकड्यापुरती ती फ्लॉवरहॉर्न होतात.

त्याच डब्यात पुढची गंमत बघा. नेहमीच्या ग्रुपमधला कोणी धापा टाकत शेवटच्या क्षणी चढला, की ‘सरका रे जरा’ म्हणत चौथी सीट तयार होते. तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो, डबाही उघडतो. दोन मिनिटांपूर्वी अनोळखी माणसाने तेच मागितलं होतं तेव्हा तिघांनाही अचानक झोप लागली होती. ओळखीच्या शेजाऱ्याला सोसायचं आणि परक्यावर तुटून पडायचं, ही रीत पक्ष्यांत आहे, माशांतही आहे. जेम्स फिशर या ब्रिटिश पक्षीअभ्यासकाने १९५४ मध्ये अशा शेजाऱ्याला ‘लाडका शत्रू’ म्हटलं होतं. हद्द एकदा ठरली की रोज नव्याने भांडायला कोणालाच परवडत नाही. म्हणून जुन्या टँकमध्ये शांतता दिसते, आणि नवा मासा सोडला की तासाभरात त्याच्या शेपटीच्या चिंध्या होतात.

यावरचा उपाय पावसाळ्याआधी लिहिला होता : नवा मासा सोडण्याआधी सगळे दगड, झाडं, गुहा हलवा. अंबरनाथच्या एका वाचकाच्या चार फुटी टँकमध्ये मलावी सरोवरातले सिक्लिड आहेत. त्यातल्या एका निळ्या नराने मधली गुहा बळकावून बाकीच्यांना फिल्टरच्या कोपऱ्यात कोंबलं होतं. या गृहस्थांनी एक दगड हलवला आणि ‘तुमचा उपाय फसला’ असं मला कळवलं. मी म्हटलं, सगळे हलवा. या आठवड्यात त्यांनी हलवले. टँक रिकामा केला, गुहेच्या जागी वाळू आली, दगडांच्या उभ्या राशी अशा रचल्या की या टोकाचं त्या टोकाला दिसू नये. दिवा बंद ठेवून नवे-जुने मासे एकदमच सोडले. सकाळी निळा बावचळल्यासारखा काचेला लागून फिरत होता. हद्दच उरली नाही, तर राखणार काय? बाकीचे मासे, म्हणे, बऱ्याच दिवसांनी मधोमध पोहताना दिसले. मी सांगितलं होतं, एवढंच नम्रपणे नमूद करतो.

एकच दगड हलवल्याने काय होतं तेही आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये रेल्वेने संध्याकाळची नेहमीची बदलापूर लोकल वातानुकूलित केली. बाकीचं वेळापत्रक जागच्या जागी, फक्त या लोकांची गुहा उचलली. बदलापूरला प्रवासी रस्त्यावर नव्हे, थेट स्टेशन मास्तरांच्या दारात गेले, तिकडे कळव्याचे रुळांवर उतरले, आणि मध्य रेल्वेला वाढवलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या आठवड्याभरात मागे घ्याव्या लागल्या. उलट सगळं वेळापत्रक बदलतं तेव्हा पहिले काही दिवस माणसं कशी गोड वागतात! कुठली खिडकी कोणाची हे कोणालाच माहीत नसतं. चिखलोली स्टेशन सुरू होईल तेव्हा अंबरनाथ-बदलापूरच्या मधोमध नवे मासे पडणार आहेत. रेल्वेने तेव्हा दगड सगळे हलवावेत.

मलावीवाले आणखी एक युक्ती करतात. टँकमध्ये मुद्दाम दाटी ठेवतात, म्हणजे दादाला एकाच माशाच्या मागे लागता येत नाही. डोंबिवलीनंतर डब्यात हात उचलायलाच जागा नसते, सगळं भांडण तोंडी चालतं, तसं. पण त्याला दणकट फिल्टर लागतो आणि दर आठवड्याला पाणी बदलावं लागतं. दोन फुटी टँकमध्ये ही युक्ती केली तर मासे भांडायच्या आधी अमोनियानेच जातील.

ही तुलना ठाण्यापर्यंतच जाते. ठाण्याला माणूस उतरतो. नदीत हरलेला मासा पळून जातो, समोरून नाहीसा होतो आणि लढाई तिथे मिटते. टँकमध्ये तो चार वीत पळाला की काच. जिंकलेल्याला दिसतं की हा अजून इथेच आहे, म्हणजे अजून ललकारतोय. म्हणून तो मारत राहतो. आपण त्याला क्रूर म्हणतो, तो बिचारा समोरचा जाण्याची वाट बघत असतो.

रंगाचंही भान ठेवा. निको टिनबर्गन यांनी हॉलंडमध्ये लाल पोटाचे स्टिकलबॅक पाळले होते. खिडकीबाहेरून पोस्टाची लाल गाडी गेली तरी नर काचेवर धावून जायचे. लाल म्हणजे दुसरा नर, एवढाच त्यांचा हिशोब. (टिनबर्गन यांना १९७३ चं नोबेल मिळालं, आपल्याकडे असं काही करणाऱ्याला घरचे टँक विकायला लावतात.) तेव्हा निळा नर असेल तर ‘जोडीला छान दिसेल’ म्हणून दुसरा निळा नर आणू नका.

तर कात्रपच्या ताई, औषध नाही. एंजलना आजच जाळीचं पार्टिशन टाकून वेगळं करा, पर परत येतात, पण मुळापर्यंत कुरतडले असतील तर नाही. बार्ब दुसऱ्या टँकमध्ये हलवा, आणि तिथे तरी तीनच ठेवू नका. फ्लॉवरहॉर्न दुकानात नेऊन द्या. उल्हास नदीत किंवा देवळाजवळच्या तळ्यात सोडून पुण्य मिळवू नका, तिथल्या माशांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. दुकानदार कुरकुरेल. पैसे परत मागू नका, नुसता मासा घ्या म्हणा. घेईल तो. रविवारी त्याला तोच मासा दुसऱ्या कोणाच्या तरी लक्ष्मीसाठी विकायचा आहे.