नेसणे आणि घालणे

लग्नसराई आली की आमच्याकडील कापडदुकानांत हल्ली एक नवी वस्तू दर्शनी भागी मांडलेली असते. तिला धोतर असे म्हणतात. कमरेला ताणले जाणारे रबरी नेफे, पुढे शिवून टाकलेल्या निऱ्या, मागे तसाच शिवून बसविलेला कासोटा आणि बाजूस दूरध्वनी ठेवण्यापुरता एक खिसा, असे तिचे स्वरूप असते. दोन पाय आत घातले, वर ओढले, की नवरदेव सजला. पुण्यामुंबईस निघालेली ही टूम आता सास्तूर-लोहाऱ्याच्या मांडवांपर्यंत येऊन पोहोचली आहे. आणि ती वस्तू अंगावर चढविलेल्या तरुणांची छायाचित्रे पाहून ‘आपली संस्कृती पुन्हा जागी होत आहे’ असे समाधानाचे उद्गार काढणारी विद्वान मंडळीही आमच्या पाहण्यात आहेत. या समाधानात सामील होण्यास आम्ही तयार नाही. त्या वस्तूशी आमचे वैर नाही; तिच्या जोरावर मिरविल्या जाणाऱ्या अभिमानाशी मात्र आहे, आणि तो अभिमान कसा पोकळ आहे हे स्पष्ट सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम मराठी भाषेलाच विचारू. आपण सदरा घालतो, शाल पांघरतो, उपरणे घेतो, फेटा बांधतो. धोतर आणि लुगडे मात्र नेसतो. हा भेद व्याकरणकारांनी केलेला नाही, वापराने केलेला आहे. शिंप्याने ज्याला आकार दिला ते वस्त्र घालावयाचे. ज्याला आकार देण्याचे काम नेसणाऱ्याच्या हातांवर सोपविलेले आहे ते नेसावयाचे. पाच वारांचे सरळ कापड, त्याला ना बाही ना गुंडी. कमरेभोवती घेऊन गाठ मारली, एका पदराच्या निऱ्या करून पुढे खोचल्या आणि दुसरा पदर पायांमधून मागे नेऊन त्याचा कासोटा घातला, म्हणजे ते धोतर होते. सोडले की पुन्हा नुसते कापड. दररोज सकाळी वस्त्र नव्याने घडविण्याची ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. शिवलेले धोतर घालता येते, नेसता येत नाही. ज्या वस्तूला भाषा आपले क्रियापद देण्यास तयार नाही, तिला भाषेने आपले नाम तरी का द्यावे?

यावर कोणी म्हणेल की हा नुसता शब्दच्छल आहे. जगात सर्वत्र जुनी वस्त्रे नव्या रूपाने टिकतात, मग आमच्याच धोतराने काय पाप केले? हा आक्षेप टाकाऊ नाही. म्हणून ज्या वस्त्राचा दाखला अशा वेळी नेहमी पुढे केला जातो त्या स्कॉटलंडच्या किल्टचा इतिहासच थोडा तपासून पाहू.

आज एडिंबरोच्या लग्नसमारंभात नवरा जो चुणीदार, गुडघ्यापर्यंतचा, चौकटींच्या लोकरी कापडाचा घागरेवजा पेहराव करतो, तो किल्ट. चांगल्या किल्टला आठ वार कापड लागते आणि त्याच्या चुण्या शिवलेल्या असतात. परंतु डोंगराळ मुलखातील गॅलिक भाषा बोलणाऱ्या लोकांचे जुने वस्त्र असे नव्हते. ते एक लांबरुंद अखंड कापड असे. हातांनी चुण्या घालून ते पट्ट्याने कमरेस आवळीत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. म्हणजे तेही नेसण्याचेच वस्त्र होते. त्याचा खालचा अर्धा भाग निराळा काढून सुटसुटीत किल्ट करण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदाराने आपल्या मजुरांच्या सोयीसाठी काढली, अशी हकीकत त्याच शतकात छापलेल्या एका पत्रात आली आहे. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली ‘परंपरांची निर्मिती’ या विषयावरील एका निबंधसंग्रहात तिचा आधार घेऊन, किल्ट हा प्राचीन वेष नसून अर्वाचीन आहे असे प्रतिपादन केले. रॉलिन्सनच्या श्रेयाविषयी अभ्यासकांत वाद आहे. अखंड कापडापासून शिवलेल्या चुण्यांपर्यंतचा प्रवास मात्र वादातीत आहे.

येथवर ऐकून आमचे प्रतिपक्षी टाळ्या वाजवतील. पण गोष्ट येथे संपत नाही. १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या रणांगणावर डोंगरी लोकांच्या बंडाचा मोड झाला आणि त्याच वर्षी पार्लमेंटाने त्यांच्या वेषावर बंदी घातली. तो वेष करणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल सहा महिने कैद आणि दुसऱ्याबद्दल सात वर्षे काळे पाणी, अशी शिक्षा ठरली. सूट एकालाच होती: जो राजाच्या पलटणीत जाऊन राजासाठी मरावयास तयार होईल त्याला. ही बंदी १७८२ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षांहून अधिक काळ राहिली. पुढे १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला. सर वॉल्टर स्कॉट यांनी त्याच्या स्वागताची व्यवस्था केली, आणि ज्या वेषाबद्दल त्याच्या पणज्याच्या कारकीर्दीत माणसे कैदेत जात तोच वेष, खाली अंगरंगाचे पायमोजे चढवून, स्थूलदेही राजाने मोठ्या थाटाने परिधान केला. सरदारांनी त्याचे अनुकरण केले. आणि नेमक्या याच काळात त्या डोंगरी मुलखात काय चालले होते? १८१४ व १८१९ साली सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून कुळांना घरांतून हुसकावून लावण्यात आले, त्यांच्या घरांना आगी लावण्यात आल्या, कारण जमीनदारांना त्या जागी मेंढ्या पाळावयाच्या होत्या. राजवाड्यात वेषाचा सत्कार आणि डोंगरात वेषकऱ्यांची हकालपट्टी, ही दोन्ही कामे एकाच पिढीने केली.

यातून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो असा: एखाद्या समाजाचे वस्त्र वरच्या वर्गात फॅशन म्हणून शिरते, तेव्हा पुष्कळदा त्या समाजाचे बळ सरलेले असते. जो वेष करणारा दुर्बळ झाला, ज्याची भीती उरली नाही, त्याचा वेष मिरविण्यास मोकळा होतो. ‘वस्त्र टिकले’ म्हणून आनंद मानण्यापूर्वी ‘वस्त्राच्या धन्याचे काय झाले’ हा प्रश्न विचारणे म्हणूनच अगत्याचे असते.

तोच प्रश्न आम्ही आता धाराशिव जिल्ह्यात विचारतो. सास्तूर, लोहारा, उमरगा या भागांत धोतर हे अद्याप सोंग झालेले नाही. बाजाराच्या दिवशी धोतर, सदरा आणि टोपी किंवा पटका अशा वेषातील म्हातारे शेतकरी अजून दिसतात. त्यांचे धोतर लग्नातले नव्हे. मातीचा रंग बसलेले, दोन ठिकाणी दंड घातलेले. हा मनुष्य कर्जाच्या कामासाठी एखाद्या कचेरीत जातो तेव्हा त्याला ‘ए आजोबा, तिकडे बसा’ असे ऐकावे लागते. खुर्ची मोकळी असली तरी तो भिंतीशी उकिडवा बसतो, कारण खुर्ची आपल्यासाठी नाही हे आयुष्याने त्याला शिकविलेले असते. त्याच्या मागून विजार घातलेला तरुण येतो आणि त्याचे काम आधी होते. आणि त्या खुर्चीवर बसलेला अधिकारीच महिनाभराने आपल्या मुलाच्या लग्नात रबरी नेफ्याचे रेशमी धोतर चढवून ‘आमची परंपरा’ म्हणून छायाचित्रे काढून घेतो. त्या दोन धोतरांमध्ये जे अंतर आहे तेच आमच्या संस्कृतिप्रेमाचे खरे माप होय.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस गांधींनी अंगातला सदरा आणि लांब धोतर टाकून गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला, आणि १९३१ साली इंग्लंडच्या राजाच्या भेटीस ते त्याच वेषाने गेले. चौथ्या जॉर्जाने डोंगऱ्यांचा वेष घेतला आणि डोंगरी माणूस बाहेर ठेवला. गांधींनी वेषाबरोबर तो वेष करणाऱ्याचे दारिद्र्यही पत्करले. या दोन कृत्यांना ‘परंपरागत वेषाचा स्वीकार’ असे एकच नाव देणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

आमच्या या लिहिण्याने संस्कृतिरक्षक मंडळी खूश होऊन ‘तर मग सर्वांनी मूळचेच धोतर नेसावे’ असा ठराव करू लागतील, म्हणून त्यांच्याशीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती राखण्याजोगी ठरत नाही, हे सास्तूरच्या लोकांना तरी कोणी शिकविण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास या भागात भूकंप झाला आणि सरकारी गणनेप्रमाणेच ७,९०० हून अधिक माणसे गेली. माणसांना मारले ते जुन्या पद्धतीच्या घरांनी: मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, दिसावयास भारदस्त, वाडवडिलांच्या हातची ती घरे झोपेतल्या कुटुंबांवर कोसळली. त्यानंतर वसलेल्या गावांत परंपरेच्या नावाने पुन्हा माळवद घालावे असे कोणी शहाणा म्हणत नाही.

शिवाय वस्त्रांची परंपरा सर्वांना सारखी गोड नव्हती. कोणी काय नेसावे आणि ते कोठवर नेसावे, हे आपल्या देशात जात ठरवीत असे. त्रावणकोरात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क मिळविण्यासाठी दीर्घ लढा द्यावा लागला. १८५९ च्या राजघोषणेने तो दिला, तोही वरच्या जातींच्या स्त्रियांसारखी तऱ्हा करू नये या अटीवर. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना उपदेश केला की अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची रीत आणि तसले दागिने टाकून द्या. ते स्वतः कोट-पाटलोण वापरीत, आणि त्या कोटात कोट्यवधी लोकांना आपला स्वाभिमान दिसला. ज्याच्या आजोबाला धोतर गुडघ्याखाली नेसण्याची चोरी होती, त्याला ‘धोतर आपला राष्ट्रीय वेष’ असे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणासही नाही. विजार घालणारा तरुण संस्कृतिद्रोही नव्हे. मोटारसायकलीवर, यंत्राशी, चिखलात काम करणाऱ्यास विजार सोयीची असेल तर त्याने ती अवश्य घालावी.

येथे आमचा सोयवादी मित्र पुन्हा उठून म्हणतो, ‘सोय मान्य, तर शिवलेल्या निऱ्यांची सोय का अमान्य? रॉलिन्सनच्या मजुरांनी तेच केले.’ उत्तर सोपे आहे. भट्टीपाशी राबणाऱ्या मजुरांनी ते वस्त्र अंगावर घेऊन काम केले; त्या वेषात पलटणी लढल्या. कामातून जन्मलेली सोय वस्त्राला आयुष्य देते. उद्या कोणी शेतकरी किंवा कारागीर शिवलेले धोतर रोज घालून कामाला जाऊ लागला तर आम्ही त्याला प्रथम नमस्कार करू. परंतु वर्षातून चार तास मांडवात मिरविण्यासाठी जी सोय काढली आहे, ती कामाची नव्हे, शिकणे टाळण्याची आहे. पाच मिनिटांची विद्या घरातल्या म्हाताऱ्याकडे असताना तिच्याऐवजी शिंप्याला पैसे मोजणे, आणि वर त्याला वारसा म्हणणे, ही ती सोय होय.

मग करावे काय? आमची सूचना अगदी साधी आहे. ज्या तरुणाला खरोखर धोतराची हौस आहे त्याने दुकानात जाऊन शिवलेली वस्तू बाजूस सारावी आणि साध्या सुती धोतराचे एक पान मागावे. उंचीप्रमाणे पन्हा पाहावा, काठ पाहावा, कापड बोटांत धरून पाहावे. घरी आणून प्रथम धुवावे. नव्या कापडातील खळ गेल्याशिवाय निरी बसत नाही. मग आजोबांपुढे उभे राहावे, आजोबा नसतील तर गल्लीतल्या कोणाही म्हाताऱ्यापुढे, आणि ‘मला नेसावयास शिकवा’ म्हणावे. पहिल्या दिवशी निऱ्या सुटतील, कासोटा ढिला पडेल, सोगा पायात येईल, लहान मुले हसतील. आठ दिवसांत ते सर्व जमते. त्यात जो लाभ आहे तो धोतराहून मोठा आहे: ज्या मनुष्याला आपण आजवर अडाणी समजत होतो, त्याच्यापुढे काही शिकण्यासाठी उभे राहावे लागते. आणि मग त्या वेषाने एकदा बाजारात, एकदा बँकेत, एकदा कचेरीत जाऊन पाहावे. लोक कसे पाहतात, कोठे बसावयास सांगतात, किती वेळ उभे ठेवतात, हे अंगावर घेऊन पाहावे. मांडवातल्या धोतराने कळत नाही ते त्या एका दिवसात कळेल.

२०१४ साली चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत येऊ दिले नाही, तेव्हा तमिळनाडूच्या विधानसभेने त्याच वर्षी वेष्टीला मज्जाव करण्याविरुद्ध कायदाच केला. न्यायमूर्तींचा अपमान झाला म्हणून कायदा झाला. शेतकऱ्याचा अपमान रोज होतो, त्यासाठी कायदा होत नाही आणि कदाचित कायद्याने तो थांबणारही नाही. तो थांबेल तर कचेरीतल्या खुर्च्यांवर बसणाऱ्या आणि ही मासिके वाचणाऱ्या आपल्या वर्गाच्या वर्तनाने थांबेल. आमच्या सुशिक्षित वाचकांच्या घरी यंदा लग्न असेल, तर नवरदेवाने काय घालावे हा त्यांचा प्रश्न आहे. त्याच मांडवात मळक्या धोतराने आलेल्या कुळाला, गड्याला, दूरच्या गरीब नातेवाइकाला कोणत्या पंगतीत आणि कोणाशेजारी बसविले जाते, यावरून मात्र त्या घरी धोतराचा मान आहे की नाही हे आम्ही ठरवू.