उत्तर आले, पण बरोबर आहे का?

संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हल्ली 'आर' हे नाव असते. ही संगणकभाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी तयार केली. ती फुकट मिळते. पण तिची एक खोड ठाऊक हवी.

समजा, गुणांच्या रकान्यात १०, २०, ६० आणि एका ठिकाणी 'गैरहजर' असे लिहिले आहे. २०२० मध्ये ४.० ही आवृत्ती येईपर्यंत 'आर' असा रकाना आपणहून 'फॅक्टर', म्हणजे गट म्हणून साठवत असे. त्याचे थेट आकड्यांत रूपांतर करा, हाती येतात १, २, ३, ४! म्हणजे गैरहजर मुलालाही ४ गुण आणि सरासरी अडीच. चुकीची सूचना मात्र नाही. आजही रकाना 'फॅक्टर' केला असेल, तर हेच घडते.

यावर उपाय सोपा. आज्ञेच्या नावाआधी प्रश्नचिन्ह टाइप केले की तिचे माहितीपान उघडते. 'फॅक्टर'च्या पानावर हा इशारा दिलेलाच आहे! ही पाने नवख्यांना जड जातात. म्हणून आधी शेवटी दिलेली उदाहरणे करून पाहावीत, मग वरचा मजकूर वाचावा. आणि चार आकड्यांचे गणित आधी कागदावर करावे. उत्तर जुळले, तरच पुढे जावे.