नंबर बंद होऊ देऊ नका

तेरवी जवळ आली की सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडच्या फोटो स्टुडिओत कुणीतरी गेलेल्या माणसाचा मोबाइल घेऊन येतं. मोठा करण्याजोगा फोटो एकच, व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. लग्नाच्या मांडवात काढलेला, खांद्याशी मेहुणीचा अर्धा चेहरा. स्टुडिओवाला मेहुणीला काढतो, मागं निळा पडदा टाकतो आणि बजावतो, इतका मोठा केला तर फाटेल. घरचे म्हणतात, फाटू द्या जी, दुसरा नाही.

10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघानं मारलं. अशा मृत्यूला राज्यात 25 लाखांची मदत आहे, वारस ठरवायची रीतही आहे. मोबाइलमध्ये जे मागं राहतं त्याचा वारस कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

गूगलवर 2013 पासून, फेसबुकवर 2015 पासून आपल्या पश्चात खातं कुणी बघायचं ते नेमता येतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही नॉमिनीची तरतूद आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी सोय नाही. 120 दिवस वापर नसला की खातं साधारणपणे पुसलं जातं आणि सगळ्यांच्या फोनमधला तो डीपीही जातो.

इथं तर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच असतं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या लेकीचे व्हॉइस मेसेज आई पुन्हा पुन्हा ऐकते, कारण तिला वाचता येत नाही. तो फोन बिघडला तर नव्या फोनवर खातं उघडायचा कोड त्याच नंबरावर येतो, म्हणून नंबर चालू हवा. तेंदूपत्त्याच्या बोनसचा मेसेजही तिथंच. (पैसे मात्र बँकेत मृत्यूचा दाखला देऊनच काढायचे, गेलेल्याच्या ओटीपीवर नाही.) रिचार्ज न करता सिम महिनोन्‌महिने पडून राहिलं की नंबर बंद होतो आणि पुढं किमान 90 दिवसांनी दुसऱ्याला देता येतो. मग एखाद्या पोरानं आठवण आली म्हणून आईचा नंबर लावला तर भलताच माणूस ‘कोण पाहिजे?’ विचारतो. हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये, आणि ते टाळता येतं.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत होते. तिथंच ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं सांगावं: दाखला दाखवून सिम वारसाच्या नावावर करून घ्या, चॅटचा बॅकअप घ्या, फोटो मेमरी कार्डात उतरवा. पॅटर्न लॉक कुणालाच ठाऊक नसलं तर दुकानदार फोन फॉरमॅट मारतो आणि सगळं जातं. म्हणून तो पॅटर्न घरातल्या एकाला तरी आजच दाखवून ठेवावा.