विश्लेषण : साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी आली कुठून? जाहिरात माणसाची इच्छा कशी घडवते?

साखरपुड्याच्या नावातच साखर आहे, हिरा नाही. हिऱ्याच्या कुड्या मराठी घरांना नव्या नाहीत, पण ‘प्रेमाची खूण म्हणजे हिऱ्याची अंगठी’ हे समीकरण अमेरिकेतील एका जाहिरात मोहिमेने घट्ट केले. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांमुळे ते आता डळमळू लागले आहे.

हिरा खरोखरच दुर्मीळ होता?

एके काळी होता. अठराव्या शतकापर्यंत जगाला हिरे मिळत ते प्रामुख्याने भारतातून आणि नंतर ब्राझीलमधून. १८६० च्या दशकाअखेरीस दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि किंबर्लीच्या खाणींतून त्यांचा ओघ सुरू झाला. माल वाढला की भाव पडणार, हे ओळखून सेसिल ऱ्होड्स यांनी १८८८ मध्ये ‘डी बीअर्स’ कंपनी उभी केली. बाजारात किती हिरे सोडायचे हे पुढे बराच काळ हीच कंपनी ठरवत राहिली. पुरवठा हाती आला, तरी मागणी निर्माण करणे बाकी होते.

मागणी कशी निर्माण झाली?

महामंदीत अमेरिकेतील हिऱ्यांची विक्री घसरली. १९३८ मध्ये डी बीअर्सने ‘एन. डब्ल्यू. आयर’ या जाहिरात संस्थेची मदत घेतली. या मोहिमेने कंपनीचे नाव विकले नाही, कल्पना विकली. चित्रपट तारकांच्या अंगठ्यांच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या. शाळांमध्ये मुलींसमोर व्याख्याने झाली. १९४७ मध्ये फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेने ‘अ डायमंड इज फॉरएव्हर’ हे घोषवाक्य लिहिले. हिरा कायमचा असेल, तर तो विकायचा कशाला? जुने हिरे बाजारात परत आले असते तर भाव कोसळले असते. भावनेच्या या वाक्याने व्यापाराचीही सोय झाली.

परंपरा नसलेल्या देशांत काय झाले?

जपान हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे हिऱ्याच्या अंगठीची प्रथाच नव्हती. १९६७ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा अशी अंगठी घेणाऱ्या वधू पाच टक्क्यांहून कमी होत्या. १९८१ पर्यंत हे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. अंगठीवर किती पगार खर्च करावा, हेही जाहिरातींनी सांगितले. अमेरिकेत दोन महिन्यांचा, जपानमध्ये तीन!

प्रयोगशाळेतील हिऱ्यांनी काय बदलले?

हे हिरे रासायनिक आणि भौतिक गुणांत खाणीतल्या हिऱ्यांसारखेच असतात. त्यामुळे २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द काढला. त्याच वर्षी डी बीअर्सने स्वतःच ‘लाइटबॉक्स’ नावाने असे हिरे ८०० डॉलर प्रति कॅरट दराने विकायला काढले. हौसमौजेसाठी हे, आयुष्यभराच्या क्षणासाठी खाणीतले, अशी ही विभागणी होती. २०२५ मध्ये कंपनीने हा ब्रँड बंद करण्याचे जाहीर केले. मात्र तोवर कृत्रिम हिऱ्यांचे भाव झपाट्याने खाली आले होते.

भारतासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरत परिसरात. व्यापाराचे मोठे केंद्र मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. परदेशातील मागणी आटली की सुरतच्या कारागिराचे काम कमी होते. सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात कृत्रिम हिऱ्यांच्या संशोधनाला बळ दिले. पण भावच कोसळत राहिले तर कारागिराची मजुरी कशी टिकणार, हा पेच कायम आहे.

ग्राहकाने काय ध्यानात घ्यावे?

सोन्याचा भाव रोज जाहीर होतो. हिऱ्याचे तसे नाही. प्रत्येक खड्याची प्रत वेगळी आणि विकायला गेल्यास खरेदीची किंमत क्वचितच मिळते. हौस म्हणून घेतला तर त्यात गैर काही नाही. मात्र ‘गुंतवणूक’ किंवा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लग्नघराने कर्ज काढण्याआधी थोडे थांबावे. हौसेला मोल नसते म्हणतात. पण ती हौस लावणाऱ्याने तिचे मोल आधीच ठरवलेले असते.