इटालियन क्रियापदें मराठींतून शिकावीं

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत शाळेंतील पांचसहा विद्यार्थी इटालियन भाषा शिकावयाची म्हणून मजकडे येऊं लागले. कोणास पुढें मिलान किंवा तुरिन येथील विद्यापीठांत स्थापत्याचा अभ्यास करावयाचा होता, कोणास तिकडील संगीताची गोडी होती, आणि एकास, त्यानेंच सांगितल्याप्रमाणें, इतर मित्र येतात म्हणून यावयाचें होतें. पहिले चार दिवस आनंदांत गेले. पांचव्या दिवशीं क्रियापदाचा तक्ता निघाला आणि वर्गावर अवकळा आली. त्याच आठवड्यांत एका विद्यार्थ्याचे वडील भेटले व म्हणाले, "गुरुजी, मुलगा झोपेंतसुद्धां कांहींतरी घोकत असतो. एवढें घोकून पदरांत पडणार काय?" मला तेथल्या तेथें नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देत आहें.

तक्ता भिववणारा आहे, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. इटालियन वैयाकरण क्रियापदाचे सात 'मोदो' म्हणजे अर्थ मानतात. इंदिकातीवो, कोंजुन्तीवो, कोंदित्स्योनाले व इंपेरातीवो या चारांत पुरुष व वचन यांप्रमाणें रूपें बदलतात. उरलेले तीन आपल्या धातुसाधितांसारखे आहेत. एकट्या इंदिकातीवोचे काळ आठ, कोंजुन्तीवोचे चार, कोंदित्स्योनालेचे दोन; सर्व अर्थांचे मिळून एकवीस. त्यांस पुरुषांनीं व वचनांनीं गुणिलें म्हणजे एकेका धातूचीं नव्वदांवर रूपें होतात. शिवाय '-आरे', '-एरे' व '-इरे' असे धातूंचे तीन गण, आणि कोणत्याच गणाचा नियम धड न पाळणारे 'एस्सेरे' म्हणजे असणें, 'आंदारे' म्हणजे जाणें, यांसारखे रोजच्या वापरांतले धातु वेगळेच. संस्कृताचे लकार ज्यानें पाठ केले आहेत तो या तक्त्याला भिणार नाहीं. इतरांच्या समाधानासाठीं एवढें सांगतों कीं, पहिल्या तीन अर्थांचे जे चौदा काळ, त्यांतील बरोबर निम्मे साह्यकारी क्रियापद पुढें ठेवून तयार होतात. त्यांत नवें असें फारसें पाठ करावें लागत नाहीं.

परंतु माझे विद्यार्थी अडले ते रूपांच्या संख्येनें नव्हे. त्यांच्या हातीं जें पुस्तक होतें तें इंग्रज मुलांकरितां इंग्रजींत लिहिलेलें होतें. इंग्रज मुलास जें जें विचित्र वाटेल त्याचें त्या पुस्तकांत पानेंच्या पानें स्पष्टीकरण होतें, आणि आमचीं मराठी मुलें तें स्पष्टीकरण वाचून, जें आपणांस जन्मापासून येतें तेंच अवघड आहे अशी समजूत करून घेत होतीं. म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, मराठी मुलानें इटालियन क्रियापद इंग्रजीच्या दारानें शिकूं नये. आपल्या घरच्या दारानें जावें.

उदाहरणें देतों. इटालियन मनुष्य नुसतें 'पार्लो' म्हणतो. त्याचा अर्थ 'मी बोलतों'. 'मी' हा शब्द उच्चारण्याचें कारण पडत नाहीं, कारण आपल्या 'बोलतों' प्रमाणेंच त्याचा प्रत्ययच बोलणारा कोण तें सांगतो. 'आंदारे' धातूचें 'मी जातों' हें रूप 'वादो' व 'आम्ही जातों' हें 'आंद्यामो' कां, म्हणून एका मुलीनें तक्रार केली. तिला विचारलें, 'जा' धातूचा भूतकाळ काय? ती 'गेला' म्हणाली आणि स्वतःच हंसली. दोन निरनिराळ्या धातूंची मोट बांधून एक क्रियापद करण्याची खोड दोन्ही भाषांस आहे.

खरी मौज भूतकाळांत आहे. 'पाओलो गेला आहे' हें इटालियनमध्यें 'पाओलो ए आंदातो', व 'मारिया गेली आहे' हें 'मारिया ए आंदाता'. कर्ता पुल्लिंगी तसें क्रियापद, कर्ती स्त्रीलिंगी तसें क्रियापद. इंग्रज मुलास हें नवल वाटतें. आमच्या मुलांस तें न झालें तर नवल वाटेल. याहून पुढची पायरी अशी: ग्रंथांविषयीं बोलत असतां 'मीं ते वाचले' असें म्हणावयाचें तर 'ली ऑ लेत्ती' म्हणावें लागतें, आणि चिठ्ठ्यांविषयीं 'मीं त्या वाचल्या' असें म्हणावयाचें तर 'ले ऑ लेत्ते'. येथें क्रियापदाचा ओढा कर्त्याकडे नसून कर्माकडे आहे. हा आपला कर्मणि प्रयोगच नव्हे काय? भेद एवढाच कीं, हें कर्म सर्वनामरूपानें क्रियापदाच्या आधीं आलें तरच तिकडे हा मेळ बसतो. नाम मागाहून आलें कीं सर्वांस एकच 'ऑ लेत्तो'. आम्ही मात्र कर्म कोठेंही असो, त्याचा मान राखतों.

अदबीच्या बोलण्यांत तर दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी शोभतील. मित्रास 'व्येनी' म्हणजे 'ये'. वडील माणसास मात्र आज्ञार्थ चालत नाहीं; तेथें कोंजुन्तीवोचें 'वेंगा' हें रूप घ्यावयाचें. आपणही थोरांस 'या' म्हणून थांबत नाहीं, 'यावें, बसावें' असा विध्यर्थ वापरतों. उपाहारगृहांत गेलेला इटालियन 'कॉफी पाहिजे' असें न म्हणतां भूतकाळांत 'वोलेवो उन काफ्फे' म्हणतो. आपणही 'जरा कॉफी हवी होती' असेंच म्हणतों, आणि काल हवी होती काय, असें कोणी विचारीत नाहीं. घड्याळ जवळ नसतां 'तीन वाजले असतील' हा आपला अंदाज भविष्यकाळांत पडतो. तिकडेही 'सारान्नो ले त्रे', भविष्यकाळच.

हा भविष्यकाळ कसा घडला तेंही सांगण्याजोगें आहे. 'मी गाईन' यास 'कान्तेरॉ' म्हणतात. यांतील शेवटचा 'ऑ' म्हणजे 'मजजवळ आहे' हें क्रियापद. लॅटिनमधील जुना साधा भविष्यकाळ लोकांच्या तोंडून गळाला, आणि 'कान्तारे हाबेओ', म्हणजे 'मला गावयाचें आहे', अशी बोलण्याची रीत पडून पुढें ते दोन शब्द एकजीव झाले. 'मला उद्यां गांवाला जावयाचें आहे' असें आपण म्हणतों तेव्हां आपणही त्याच वाटेवर असतों.

आतां कोंजुन्तीवो. विद्यार्थी ज्यास सर्वांत अधिक भितात तो हाच. 'तो प्रामाणिक आहे हें मी जाणतों' या वाक्यांत इटालियन मनुष्य 'ए' म्हणजे 'आहे' हें रूप घालतो. 'तो प्रामाणिक असावा असें मला वाटतें' या वाक्यांत तेंच रूप बदलून 'सीआ' होतें. जाणणें, पाहणें यांच्या मागून एक रूप. वाटणें, आशा धरणें, भिणें यांच्या मागून दुसरें. अलीकडे बोलतांना पुष्कळ इटालियन लोक हा भेद पाळीत नाहींत, आणि तेथील वर्तमानपत्रांतून कोंजुन्तीवोच्या मरणाबद्दल वेळोवेळीं शोक होत असतो. कांहींजणांस ही पंडितांची रडकथा वाटते. मला तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण माझ्या शाळकरी वयांतलें आहे.

आमच्या वर्गांत एका मुलाची कंपासपेटी नाहींशी झाली. त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलाविषयीं एकजण म्हणाला, "त्यानें घेतली." मधल्या सुट्टीपर्यंत हें वाक्य वर्गभर झालें. त्या मुलाशीं आठ दिवस कोणी बोललें नाहीं. तोही आपला डबा घेऊन एकटाच विहिरीकडे जाऊन बसे. पुढें ती पेटी ज्याची होती त्याच्याच घरीं, धाकट्या भावाच्या दप्तरांत सांपडली. ज्यानें प्रथम तें वाक्य उच्चारलें त्यानें डोळ्यांनीं कांहींच पाहिलें नव्हतें. 'घेतली असावी' असें तो म्हणाला असता, तर निदान एकानें तरी 'कशावरून?' असें विचारलें असतें. तो उच्चारणारा मी होतों.

दादोबा पांडुरंग यांचें मराठी व्याकरण सन १८३६ मध्यें आणि मोरो केशव दामले यांचें शास्त्रीय मराठी व्याकरण सन १९११ मध्यें प्रसिद्ध झालें. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. माझ्या विद्यार्थ्यांनीं ते परीक्षेपुरते पाठ करून सोडून दिले होते. मीं कोंजुन्तीवो व विध्यर्थ हे फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहिले तेव्हां एकजण म्हणाला, "हें आम्हांला येत होतें, पण येत होतें हें ठाऊक नव्हतें." पालकांनीं विचारलेल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला या वाक्यांत मिळालें. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानीं घालावीशी वाटते. सन १८६१ मध्यें एकसंध इटलीचें राज्य स्थापन झालें तेव्हां प्रमाण इटालियन जाणणारे लोक शेंकडा अडीच होते, असा तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. इतर विद्वानांचा आंकडा मोठा असला, तरी फार मोठा नाहीं. बाकीच्यांच्या घरीं व्हेनिसची, नेपल्सची, सिसिलीची बोली होती. म्हणजे तिकडील बहुतेक मुलांनींही हा तक्ता आईच्या मांडीवर नव्हे, शाळेच्या बांकावर बसून शिकला.

मराठीची वाट सर्वत्र सरळच जाते असें मात्र कोणी समजूं नये. 'पैसे असते तर पुस्तक घेतलें असतें' यांत दोन्हीकडे आपण 'असतें' हीच घडण ठेवतों. इटालियनमध्यें 'जर' असलेल्या भागांत कोंजुन्तीवोचें 'आवेस्सी' व 'तर' असलेल्या भागांत कोंदित्स्योनालेचें 'कोंप्रेरेई' लागतें. आमचीं मुलें दोन्हीकडे कोंदित्स्योनाले घालून 'से आव्रेई' म्हणतात. गंमत अशी कीं, इटलींतील मुलेंही नेमकी हीच चूक करतात आणि तेथील शिक्षक यावरूनच त्यांचे कान उपटतात. येथें घरच्या दारानें गेल्यास ठेंच लागते. तरी चूक कां होते हें मुलास समजतें, आणि समजलेली चूक लवकर सुटते.

आणि एका ठिकाणीं तर मराठी, संस्कृत, इंग्रजी कोणीच साह्यास येत नाहीं. तें म्हणजे 'पास्सातो रेमोतो', इतिहासांत व कथांत येणारा दूरचा भूतकाळ. 'करणें' याचें 'मीं केलें' हें 'फेची', 'तूं केलेंस' हें 'फाचेस्ती', 'त्यानें केलें' हें 'फेचे'. मी, तो व ते या तीन ठिकाणीं धातु वांकडा चालतो, उरलेल्या तीन ठिकाणीं सरळ. आणि अशा वांकड्या धातूंची यादी बरीच लांब आहे. उत्तरेकडील इटालियन लोक बोलतांना हा काळ बहुधा टाळतातच. विद्यार्थ्यास वाचनासाठीं तो टाळतां येत नाहीं. तेवढ्यापुरती झोपेंतली घोकंपट्टी त्या गृहस्थांनीं चालूं द्यावी. 'मी जन्मलों' याचें 'नाक्वी' हें रूप लिहितांना माझाही हात अजून अडतो.